शिवलेलं लुगडं

सारजाबाईंनी धावत जाऊन वैरण कापायच्या कुट्टी मशीनचं बटण बंद केलं. प्रतिक्षा मशीनच्या तोंडापासून हातभर अंतरावर, मक्याच्या ताटांवर आडवी पडली होती. आत पातं अजून गरगरत होतं.

"पोरी, ए पोरी."

हाक गेली, पण हात पुढे गेला नाही. सारजाबाई नुकत्याच डोक्यावरून न्हाल्या होत्या. आज रात्री खंडोबाचं जागरण, चुलीवर पुरणाची डाळ आणि ही सून पाळीमुळे बाजूला बसलेली. तिला शिवलं की पुन्हा आंघोळ करावी लागणार. पोर डोळे मिटून पडलीय आणि आपण आंघोळीचा विचार करतोय, हे ध्यानात आलं आणि त्यांना स्वतःचीच किळस आली.

बाजूला बसायचं म्हणजे तरी काय, तर चूल आणि देव्हारा सोडून सगळं करायचं. या घरात देव बाटायचा, शेण कधीच बाटत नव्हतं. आधी प्रतिक्षा पाचव्या दिवशी न्हाऊन घरात यायची. पण गेल्या वर्षापासून पाचवा दिवस उलटला तरी अंगावरून जायचं थांबत नव्हतं. ओठ पांढरे पडले होते, दोन घागरी भरल्या तरी धाप लागायची. बारामतीच्या डॉक्टरीणबाईंनी परवा स्पष्टच सांगितलं होतं, "महिन्याला एवढं रक्त जातंय, ते भरून निघत नाही. अंगातलं लोह संपलंय. हिमोग्लोबिन सहावर आलंय, आजच भरती करा." दिग्विजयने गोळ्या घेतल्या आणि बायकोला सांगवीला परत आणलं. जागरण उरकू दे, म्हणाला. आबाजी म्हणाले, बायांना जातंच. गाईने एक वेळ वैरण सोडली, तर हेच बापलेक जनावरांच्या डॉक्टरला फोनवर फोन करायचे.

मशीन थांबलेलं ऐकून दोघेही गोठ्याच्या दारात आले.

"लांबनंच पाणी मार तोंडावर," आबाजी म्हणाले. "नैवेद्य व्हायचाय अजून."

सारजाबाई खाली बसल्या आणि त्यांनी सुनेचं डोकं उचलून मांडीवर घेतलं.

"आई, अगं शिवलीस तू तिला."

"व्हय, शिवले."

"मग जा, आंघोळ कर."

"न्हाय करत."

आबाजी पुढे आले. "डोकं फिरलंय काय? पावणं येतील. सैपाक कोण करंल?"

"ही भरती झाल्याबिगर मी न्हायची न्हाय. आन् न्हाल्याबिगर चुलीला हात लावायची न्हाय. नेम तुमचाच हाय, आता तुमीच पाळा."

"देवाचं काम हाय, सारजे."

"देवाला कळतंय. मीबी याच गोठ्यात पडले हुते. तवा तुमी तांब्याभर पाणी लांबनं ओतलं आन् गेलात."

आबाजींना ते आठवलं असावं. ते एक पाऊल मागे सरले. प्रतिक्षाने डोळे उघडले.

"आत्या, नका. लुगडं भरंल तुमचं."

"भरू दे."

दिग्विजयने एकदा बापाकडे पाहिलं, मग आईकडे. घरातून डाळ लागल्याचा वास यायला लागला होता. तो गाडीची किल्ली आणायला गेला.

दिवेलागणीला सारजाबाईंचा फोन वाजला. दवाखान्याच्या खाटेवर प्रतिक्षा झोपली होती. वर टांगलेल्या पिशवीतून रक्त थेंबाथेंबाने तिच्या हातात उतरत होतं.

"डाळ करपली," आबाजी म्हणाले.

"दुसरी टाका."

"मला कुठं येतंय?" मग त्यांनी विचारलं, "पोरगी कशी हाय?"

"रक्त चढतंय. कुणाचं हाय, कुणास ठावं. हितं कुणी इचारत न्हाय."

पलीकडून भांड्यांचा आवाज आला.

"भरती झाली न्हवं?" आबाजी म्हणाले. "मग आता तरी न्हाऊन ये. पावणं आल्यात."

सारजाबाईंनी फोन बंद केला. शेणाने भरलेलं लुगडं सावरत त्यांनी स्टूल खाटेजवळ ओढलं आणि सुनेचा गार हात दोन्ही हातांत धरला.