पान दोनशे बाराच्या मागे

नेलिदा अगुएरो एकोणीस वर्षं न्यायालयाच्या फायली शिवत होती. दाभण, मेण लावलेला पांढरा दोरा आणि अंगठ्याला चामड्याची टोपी, एवढीच तिची हत्यारं. या प्रांतात शिवलेलं आणि क्रमांक घातलेलं पान म्हणजे खटला. बाकीचे कागद फायलीला बाहेरून दोरीनं बांधायचे. कोणाला काय शिक्षा झाली याचे दाखले लिहिणारा कारकून दोरीच्या कागदांकडे ढुंकूनही बघत नसे.

मंगळवारी सकाळी बासान मास्तर खिडकीशी आले. काखेत 'माते'चा, म्हणजे तिथल्या कडू हिरव्या चहाचा, थर्मास.

"आला का गं निकाल?"

"आलाय. पण लगेच नाचू नका, मास्तर."

"या गुडघ्यांनी? वाच तू."

अकरा वर्षांपूर्वी मास्तरांनी गावच्या रेडिओवर सांगितलं होतं की महापौर गावाचं पाणी स्वतःच्या बागेला नेतो. ते खरं होतं. तरी बदनामीची शिक्षा झाली, सर्वोच्च न्यायालयानंही ती कायम केली. देशाबाहेर, सान होसेला असलेल्या आंतरराष्ट्रीय मानवी हक्क न्यायालयानं मात्र ही शिक्षाच हक्कभंग ठरवली. तो निकाल तीन वर्षांपूर्वी इथे पोचला, आणि वरून काही आदेश नाही म्हणून नेलिदानंच तो दोरीनं बाहेर बांधला. तेव्हापासून मास्तरांच्या प्रत्येक दाखल्यावर एकच शब्द येत होता: दोषी.

आता तो शब्द भारी पडणार होता. जानेवारीत मास्तरांची मुलगी वारली. नात आयलिन त्यांच्याकडे राहावी की सरकारी वसतिगृहात जावी, याची सुनावणी शुक्रवारी होती, आणि न्यायाधीशबाईंनी दाखला मागितला होता.

नेलिदानं वाचलं. देशाचं सर्वोच्च न्यायालय म्हणत होतं: राज्यघटनेप्रमाणे आमचा अंतिम निकाल रद्द करणारं कोणी आमच्यावर नाही, म्हणून शिक्षेचा निकाल राहील. पण मानवी हक्कांचा करार त्याच घटनेनं स्वीकारला आहे, म्हणून शिक्षेचे परिणाम थांबतील. सान होसेचा निकाल शिक्षेच्या पानामागे, फायलीच्या आत घालावा आणि दाखल्यात लिहावा.

"म्हणजे मी दोषीही आणि नाहीही," मास्तर म्हणाले. "असं उत्तर तू वर्गात दिलं असतंस तर निम्मे गुण दिले असते."

"निम्मे तरी कुठे द्यायचात!"

शिक्षेचं पान दोनशे बारावं. त्याच्यामागे पान घालायचं तर पुढची चारशे पानं उसवायची, प्रत्येकाचा जुना क्रमांक खोडून नवा घालायचा आणि त्यावर सचिवाची छोटी सही घ्यायची. सचिव उर्तुबेय यांनी फाइल हातात घेऊन वजन पाहिलं.

"शुक्रवारपर्यंत? वेड लागलंय तुला. दोरीनंच बांध. हवं तर दोन गाठी मार."

"आदेशात 'आत' लिहिलंय, साहेब. आदेश मिळाल्याची पोच तुमच्याच सहीची आहे."

"तुझे शिक्षक होते ना ते?"

"होते. पण गाठ मी मारली होती."

उर्तुबेय यांनी पेनात शाई भरली.

बुधवारभर ती उसवत होती. जुना दोरा पिवळा पडून कागदात रुतला होता. गुरुवारी दुपारी लक्षात आलं की तीनशे चाळीस हा क्रमांक दोन पानांवर पडलाय. तिथून पुढचं सगळं पुन्हा. उर्तुबेय मनगट चोळत शिव्या देत होते, पण जेवायला गेले नाहीत.

शुक्रवारी आठ वाजता दाखला तयार झाला. मास्तरांनी चष्मा लावला. पहिल्या ओळीत शिक्षा होती. दुसऱ्या ओळीत ती शिक्षा हक्कभंग ठरल्याचं आणि तिचा परिणाम कुठेही धरू नये असं लिहिलं होतं.

"वरची ओळ खोडता येत नाही?"

"नाही, मास्तर. ते माझ्या हातात नाही. सर्वोच्च न्यायालयाच्याही नाही म्हणतात."

दाखल्याची नीट घडी घालून ते रस्त्यापलीकडच्या इमारतीत सुनावणीला गेले. नेलिदानं दुसरी फाइल पुढे ओढली, पण दोरा काही दाभणात जाईना.

बारा वाजता खिडकीवर टकटक झाली. मास्तरांच्या शेजारी आयलिन होती, शाळेच्या पांढऱ्या डगल्यात. मास्तरांनी न्यायाधीशबाईंच्या ओल्या शिक्क्याचा एक कागद काचेला टेकवला. नेलिदानं सवयीनं हात पुढे केला.

"अंहं," ते म्हणाले. "हा शिवायचा नाही. हा घरी न्यायचाय."