सांडूची तसबीर

"मान हलवू नका," म्हणत मुकुंद मास्तरांनी पुंजारामची हनुवटी बोटानं वर केली. थोरल्या भावाचा, सांडूचा, पटका बांधून तो खुर्चीत ताठ बसला होता. सांडूनं जन्मात कधी फोटो काढलेला नव्हता. अशा वेळी भावाचा चेहरा समोर ठेवायचा आणि फरक बायकोला विचारायचा, ही मास्तरांची चित्र रंगवायची रीत.

"नाक असंच?"

"जरा बारीक," आवडाबाई म्हणाली. ते धडधडीत खोटं होतं.

पोलीस ॲक्शनच्या धामधुमीत सांडू पिशोरहून कन्नडच्या बाजाराला गेला तो परतलाच नाही, त्याला चार वर्षं झाली. पूर्वी गावात तसबीर म्हणजे काचेआडचा देव. त्या साली घरोघर माणसं भिंतीला लागली आणि ज्याची तसबीर लागली तो मेला, असंच ठरून गेलं. येत्या पितृपक्षात सांडूची लागणार होती आणि आवडाबाईचं कुंकू पुसलं जाणार होतं. म्हणून चित्र भलत्याचंच होऊ द्यायचं आणि ऐनवेळी मोडता घालायचा, असं तिनं ठरवलं होतं. पुंजाराम वेरूळला मामाकडं वाढलेला, भावाला सणासुदीलाच भेटलेला. त्याला काय कळणार होतं?

"तसबीर हा शब्द मूळचा अरबी," रंग कालवत मास्तर म्हणाले. निजामाच्या शाळेत ते उर्दूतून शिकले होते. "तसवीर म्हणजे घडवणं, रूप देणं. तुम्ही सांगाल तसा माणूस घडणार, बाई."

"घडवा की."

शहरात गुलमंडीला, मास्तरांकडं, चार खेपा झाल्या. दर खेपेला तिनं नवं खोटं दिलं, कपाळ रुंद, भुवया जुळलेल्या. खोट्याच्या कपाळी गोटा, हे ती जाणून होती. जीभ घसरू नये म्हणून दळताना, सारवताना ती तोच खोटा चेहरा घोकत राही.

शेवटच्या दिवशी पुंजाराम चित्रापुढं उभा राहिला आणि हमसून रडला.

"दादाच हाय, वैनी."

"हे ते नव्हं," आवडाबाई म्हणाली.

मास्तर रागावले नाहीत. त्यांनी पुन्हा कुंचला उचलला.

"मग सांगा. कसे होते?"

तिनं डोळे मिटले. समोर हाच, चित्रातला, आला. तिनं त्याला बाजूला सारून पाहिलं, लग्नातला आठवून पाहिला, बाजाराला निघालेला आठवून पाहिला. पटका दिसला, पाठ दिसली, पण तोंड वळवलं की पुन्हा हाच.

"बाई?"

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "काच कवा बसवता?"