सुभद्राबाईंनी पुसलेली दीर्घिका

मी एक काच आहे. खिडकीची नाही की चष्म्याची नाही. माझ्या अंगावर आकाशाचा फोटो आहे. परदेशातल्या एका मोठ्या दुर्बिणीतून तो काढला आणि त्याची प्रत म्हणून मी अमरावतीच्या कॉलेजात आले. त्याच आकाशाचा दुसऱ्या रात्री काढलेला फोटो, म्हणजे माझी बहीण, अकोल्याला गेली. साल एकोणीसशे एकसष्ट.

माझ्यावर सगळं उलटं आहे. आकाश कोरं, तारे काळे. मधोमध एक मोठी दीर्घिका, म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचं गाव. अशा मोठ्या दीर्घिकांभोवती बुटक्या, मंद दीर्घिका फिरत असतात. त्यातल्या बऱ्याच अजून कुणाला दिसलेल्याही नाहीत.

भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या विमलबाई रोज भिंग घेऊन माझ्यासमोर बसत. एके दिवशी मोठ्या दीर्घिकेच्या खाली, डावीकडे त्यांना एक डाग दिसला. असून नसल्यासारखा. त्यांनी विभागप्रमुख कमलाकांत सरांना बोलावलं. सरांनी पाहिलं, भिंग पुसून पुन्हा पाहिलं.

"तिथं काही नाही, बाई. डोळे तपासून घ्या."

बाईंनी खरंच डोळे तपासले. डोळे ठीक निघाले, पण मनातली शंका जाईना. दसऱ्याच्या सुट्टीत त्या मला परवानगी काढून घरी घेऊन आल्या.

खंडेनवमीला घरातल्या हत्यारांची पूजा असते. त्यांच्या आई सुभद्राबाई दर्यापूरकडच्या, शेतकरी घरातल्या. त्यांनी पाटावर विळा मांडला, कुऱ्हाड मांडली आणि पोरीचं हत्यार म्हणून मला. विमलबाई झेंडूची फुलं घेऊन येईपर्यंत माझ्या कोपऱ्यावर हळदकुंकू लागलेलं होतं.

"काच मयली होती वो," सुभद्राबाई म्हणाल्या. "पुसल्याबिगर पूजा कशी करू? एक डाग तर निंगेच ना. मंग पान्याचं बोट लावलं अन् नखानं खरवडला."

फोटोचा थर ओला झाला की सोलून निघतो. विमलबाईंनी फुलं खाली ठेवली. मग त्यांनी विचारलं, "कुठी होता व माय?"

"अथी. मोठ्या डागाच्या खाली. लय बारीक होता, पन होता."

विमलबाईंच्या डोळ्यांना धार लागली.

"काहून रडून राहिली? चुकलं का माह्यं?"

"तुले दिसला व माय," त्या म्हणाल्या. "तुले दिसला."

दसरा झाल्यावर, माझ्या बहिणीवरही तो डाग आहे का ते पाहायला, दोघी अकोल्याच्या बसमध्ये बसल्या. मी गोधडीत गुंडाळलेली, सुभद्राबाईंच्या मांडीवर. आपल्या हातून नुकसान झालं म्हणून त्या हट्टाने आल्या होत्या. तिथल्या कॉलेजात माझ्या बहिणीला उजेडात धरलं, तेव्हा विमलबाई पिशवीतलं भिंग काढू लागल्या. सुभद्राबाई नुसत्याच वाकल्या.

"घ्या! यायनंबी पुसली नाई वाटते," असं म्हणून त्यांनी पदराचं टोक ओलं केलं.

विमलबाईंनी त्यांचा हात वरच्यावर धरला आणि कितीतरी वेळ सोडला नाही. दोन वेगळ्या रात्रींच्या फोटोंत एकाच जागी धूळ बसत नाही. डाग आकाशातला होता, एका बुटक्या दीर्घिकेचा.

फोटो काढणाऱ्या वेधशाळेला पत्र गेलं ते बहिणीच्या फोटोसह. मला कोण पाठवणार? वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? आता मी कॉलेजच्या कपाटात असते. खंडेनवमीला कुंकू जरूर लावा, फूलही वाहा, एवढंच की पाणी लांब ठेवा.

हल्ली कमलाकांत सर विद्यार्थ्यांना माझ्यावरची ती खरवडलेली कोरी जागा दाखवतात. "ही पाहा, इथं होती," म्हणतात. भिंगसुद्धा लागत नाही त्यांना.