काकूंनी चावी फिरवली

रघुवीरकाकांनी आयुष्यात दोन गोष्टी झाकून ठेवल्या. एक ती गाडी आणि दुसरी आशालताकाकू. गाडीला निदान कव्हर चांगल्या कापडाचं होतं.

गाडी म्हणजे ऑस्ट्रेलियन मसल कार. दोन दारं, केशरी रंग, लांबलचक बॉनेटवर काळे पट्टे आणि बॉनेटखाली व्ही-एट इंजिन. काका बोटीवर चीफ इंजिनिअर असताना पर्थच्या एका म्हाताऱ्याकडून त्यांनी ती घेतली, सिंगापूरला आणली, क्वीन्सटाउनमधल्या आपल्या ब्लॉकशेजारच्या कारपार्कात वरच्या मजल्यावर लावली आणि परत समुद्रावर निघून गेले. दर सुटीत येऊन पुसायचे. चालवायचे नाहीत. "मायलेज वाढतं," म्हणायचे. अहो, मग घेतली कशाला? ओवाळायला?

तेवढ्या काळात काकू बालवाडीची व्हॅन चालवत होत्या. रडणारी, ओकणारी, एकमेकांना चावणारी पोरं भरून रोज सकाळी आंग मो किओला जायच्या. निवृत्त होईपर्यंत व्हॅनला एक ओरखडा नाही. आणि या बाईला समुद्रावरून सुटीत आलेला नवरा सांगायचा, "ही बायकांची गाडी नाही."

मी शिवांगी. त्यांच्या फ्लॅटमध्ये एका खोलीत भाड्याने राहते. बोटीवर फोर्थ इंजिनिअर आहे, सध्या सुटीवर. काका मला नावाने हाक मारत नाहीत. "फोर्थ!" असं ओरडतात. आपण रिटायर झालोय हे त्यांना अजून कुणी कळवलेलं नाही.

आता दोघं कायमचे पुण्याला निघालेत. गाडी बुओना व्हिस्टाच्या अश्विनला द्यायची ठरली. जुन्या गाड्यांचा शौकीन, इथेच वाढलेला मराठी मुलगा. त्याची अट एकच: रविवारी येईन, माझ्यासमोर आपल्या इंजिनावर हलली तर नेईन. त्या संध्याकाळी काकू कांदा चिरता चिरता म्हणाल्या, "एकदा चालवायची होती गं मला. जाऊ दे."

'जाऊ दे' ऐकलं की माझं डोकं फिरतं. आपल्याकडच्या बायका निम्मं आयुष्य या दोन शब्दांत घालवतात आणि वर लोकांना सांगतात, आमचे हे स्वभावाने फार चांगले आहेत.

दुसऱ्या दिवशी काम सुरू झालं. म्हणजे मी काम करायचं आणि काकांनी घडीच्या खुर्चीत बसून हुकूम सोडायचे. टाकीतलं जुनं पेट्रोल काढलं, त्याला जुन्या वार्निशाचा वास येत होता. स्पार्क प्लग काढून सिलिंडरमध्ये तेल सोडलं, रात्रभर मुरू दिलं आणि सकाळी पाना लावून इंजिन हाताने फिरवलं. जाम झालेलं नव्हतं. हे मात्र काकांचं श्रेय. बंद करताना त्यांनी ते नीट तेलात ठेवलं होतं. कार्बोरेटर सुटा करून काकूंच्या जुन्या कुकरमध्ये लिंबाच्या पाण्यात उकळला. काकूंनी दात घासायच्या ब्रशने तो असा चकचकीत केला की वाटलं, आता याला कुंकू लावतात.

"हे काय चाललंय?" काका स्वयंपाकघरात येऊन ओरडले. "त्याच कुकरमध्ये वरण लावायचं?"

"तुम्ही खाऊ नका," काकू म्हणाल्या.

नवी बॅटरी बसवली, ब्रेकचं ऑइल बदललं, कडक झालेल्या रबरी नळ्या फेकल्या. कॅन भरून ताजं पेट्रोल ओतलं. काकांनी चावी फिरवली. स्टार्टर फिरला, इंजिन खोकलं आणि गप्प झालं. पुन्हा खोकलं, पुन्हा गप्प. दोन दिवस हेच. ठिणगी येत होती, पेट्रोल येत होतं, तरी इंजिन काही धरेना.

"तुमच्या पिढीच्या हातात काही नाही," काका म्हणाले. "आणि इंजिनरूममध्ये मुली घेतल्या की हेच होणार."

बोटीवर हे इतक्या जणांकडून ऐकलंय की आता त्यावर राग यायलाही वेळ लागतो. हँडब्रेकची तार बघायला मागच्या बाजूने गाडीखाली शिरले. तोंडासमोर सायलेन्सरच्या दोन नळ्या होत्या. दोन्हींत लाकडाची बुचं ठोकलेली. सुबक तासलेली, कॅनव्हासमध्ये गुंडाळलेली, वरून काळा रंग फासलेला. लांबून बघणाऱ्याला तिथे नळीचं अंधारलेलं तोंड दिसावं इतकं बेमालूम काम.

मला हसू आवरेना. बोट लांब मुदतीसाठी बंद ठेवायची तर धुरांड्याची तोंडं अशीच बंद करतात, खारी दमट हवा आत जाऊ नये म्हणून. आणि सुरू करायच्या आधी पहिली ती उघडतात. कालच बोटीवर चढलेला कॅडेटसुद्धा हे विसरत नाही. चीफसाहेबांनी गाडीची बोट केली होती आणि मग स्वतःच विसरले होते. धूर बाहेर पडायला वाट नाही, तर इंजिन श्वास घेणार कुठून?

मी वर धावले. काका झोपले होते. काकूंना सांगितलं.

काकूंनी गॅस बंद केला. "त्यांना सांगितलंस?"

"अजून नाही."

"नको सांगूस," त्या म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर असं काही हसू आलं की बालवाडीतली ती चावरी पोरं कुणाकडून शिकली असतील, ते मला कळलं.

रविवारी अश्विन आला. काका इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून स्टिअरिंगला बसले. चावी फिरवली. खोकला. शांतता. खोकला. शांतता. काकांच्या मानेवरून घाम ओघळायला लागला.

"अंकल, कान्ट लाह, नाही होणार," अश्विन म्हणाला. "पुढच्या वीकमध्ये ट्राय करू या?"

"मी बघू का जरा?" काकूंनी विचारलं.

काका गाडीतून उतरले आणि अश्विनकडे बघून हसले. चारचौघांत बायकोला उडवून लावताना नवरे हसतात तसं. "बघ ना! तू सुरू केलीस तर तूच चालव. आज दिवसभर!"

"अश्विन, ऐकलंस ना?" मी विचारलं.

"हर्ड, हर्ड," तो म्हणाला.

काकू आत बसल्या, सीट पुढे ओढली, आरसा आपल्या उंचीला आणला. मी चपलेचा पट्टा लावायच्या निमित्ताने मागे वाकले. बुचं आदल्या दिवशीच सैल करून ठेवली होती. दोन्ही उपसली आणि बॉयलरसूटच्या खिशात कोंबली.

"काकू, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण खाली दाबून!" मी ओरडले.

"दाबू नकोस, पेट्रोल तुंबेल!" काका ओरडले.

काकूंनी दाबला आणि चावी फिरवली. इंजिन एकदा अडखळलं, निळा धूर सोडला आणि मग अशी डरकाळी फोडली की अख्ख्या मजल्यावरच्या गाड्यांचे अलार्म बोंबलायला लागले. समोरच्या ब्लॉकमधल्या खिडक्यांतून माणसं डोकावली.

"थांब! आशा, थांब, आधी मी..." काका दाराकडे धावले.

काकूंनी काच अर्धी खाली केली. "तुम्ही म्हणालात ना, दिवसभर." पहिला गिअर पडला. कारपार्कचा तो अरुंद, गोल गोल उतार, जिथे नवी पोरं बंपर घासत उतरतात, तिथून ती लांबलचक केशरी गाडी लोण्यातून सुरी जावी तशी उतरली. आवाज खाली गेला, रस्त्यावर लागला, अलेक्झांड्रा रोडकडे वळला आणि लांब लांब होत संपला.

"अंकल," अश्विनने विचारलं, "मग प्रॉब्लेम काय होता?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. खिशातून बाहेर आलेल्या कॅनव्हासच्या टोकाकडे पाहिलं. आपलं काम माणूस ओळखतो. त्यांचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. खरं बोलायचं तर अश्विनसमोर सांगावं लागणार होतं की, मी, चीफ इंजिनिअर, धुरांडं उघडायला विसरलो.

"फ्युएल," काका घोगऱ्या आवाजात म्हणाले. "हल्लीचं पेट्रोल भिकार असतं."

मी मान डोलावली. एवढं तर मी ज्येष्ठांसाठी करतेच.

अश्विन वाट बघून कंटाळला आणि उद्या येतो म्हणून गेला. काका मात्र कठड्याला टेकून रस्त्याकडे बघत उभेच राहिले. ऊन उतरायला लागल्यावर माझा फोन वाजला.

"शिवांगी," काकूंच्या मागे विमान उतरल्याचा आवाज होता. "चांगीच्या समुद्रावर आहे. पेट्रोल संपलं. ही बया पितेच फार. कॅन घेऊन ये. घाई करू नकोस, मी इथे निवांत बसलेय."

"आणि काका?"



"आण त्यांनाही," त्या म्हणाल्या. "मागच्या सीटवर बसतील म्हणावं."

मी फोन ठेवला आणि निरोप शब्दशः सांगितला. काकांनी घडीची खुर्ची मिटली, शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि रिकामा कॅन स्वतः उचलून माझ्या मागून चालायला लागले.