डोंगराची गाडी, डांबराची गाडी

खेचर न्यायला खालच्या गावचा माणूस दारात उभा होता, आणि एलिगियो दोरी सोडत नव्हता.

“सोड की रं! त्या माणसाला किती येळ तिष्ठत ठेवशील?” तोमासिना ओसरीवरच्या झुलत्या खुर्चीतून ओरडली. “खेचरासाठी डोळं वलं करतोय! बायको गेली तवा तर पोटभर जेवून झोपला व्हतास.”

“बायकोला तू हाकललीस, आये. तिची दोरी माझ्या हातात कुटं व्हती?”

खेचराचा माणूस हसला. तोमासिनानं त्याच्याकडं नुसतं बघितलं, तसं हसू त्याच्या मिशीतच मेलं.

लोमा आल्ताच्या डोंगरावर तोमासिनाच्या तोंडाला लागायची कुणाची छाती नव्हती. नवरा मेल्यावर कोकोची बाग आणि दोन पोरं तिनं एकटीनं सांभाळली होती, आणि हे कुणी विसरू नये याची काळजीही तीच घ्यायची. थोरला एलिगियो बागेत राबायचा. ओल्या कोकोची पोती खेचरावर लादायची, तांबड्या चिकणमातीची वाट उतरायची, ओढा ओलांडायचा आणि पलीकडं जिथून डांबर सुरू होतं तिथं व्यापाऱ्याच्या ट्रकात माल टाकायचा, हे त्याचं काम. धाकटा दानिलो खालच्या गावात केस कापायच्या दुकानात होता. लोकांचे कापायचा कमी, आपलेच विंचरायचा जास्त.

खेचर आता थकलं होतं. चढावर त्याची धाप वरच्या घरापर्यंत ऐकू यायची. शेजारच्या सेकुंदिनाच्या नवऱ्यानं मोटरसायकल घेतली होती आणि कोकोची पोती मागं बांधून तो वाऱ्यासारखा खाली-वर करायचा. तोमासिनाच्या घरातही खेचराच्या आणि यंदाच्या मालाच्या पैशात एक गाडी बसत होती. एकच. ती डोंगर चढणारी असणार, हे एलिगियोनं मनात इतकं पक्कं केलं होतं, की ते त्यानं तोंडानं कधी बोलूनही दाखवलं नाही. तिथंच तो फसला.

खालच्या गावच्या बाजारात चिचोच्या दुकानात गाड्या ओळीनं उभ्या होत्या. चिचोनं तोमासिनाला खुर्ची दिली, कॉफी दिली, ‘दोन्या’ म्हणजे ‘बाईसाहेब’ असा मान दिला आणि मग तोंड उघडलं.

“दोन्या तोमासिना, रंग-बिंग मागनं बघू. आधी सांगा, गाडी पळणार कुठं?” त्यानं एका उंच गाडीच्या टाकीवर थाप मारली. “डोंगरात पळायची असंल तर ही. हिचं पोट उंच हाय, दगडाला टेकत न्हाई. सायलेन्सर वर बांधलाय, वढ्यात पाणी शिरत न्हाई. टायरचे गट्टे बघा, चिखल चावत जातात. आन् रस्त्यावर पळायची असंल तर ती तिकडची. बसकी हाय, सीट लांब हाय, मागं दोन गिऱ्हाइकं निवांत बसतात. डांबरावर लोणी! पर डोंगरात नेली तर रडवील.”

“आन् दोन्हीकडं चालंल अशी?”

“तशी गाडी आन् तशी सून अजून कुणाच्या दुकानात आली न्हाई, दोन्या.”

एलिगियो उंच गाडीपाशी उकिडवा बसला होता. टायरच्या गट्ट्यांवरून त्यानं अंगठा फिरवला, हँडल दाबून शॉकअप खालीवर करून बघितले. “हीच,” तो म्हणाला. “वझं घिऊन वढ्याचा चढ चढंल ही.”

“दादा, गाडी हाय का बोकड?” दानिलो म्हणाला. “हिच्यावर बसून देवळात गेलो तर पाद्री चारा टाकंल आपल्याला.”

“तुला देवळात जायाला पाय न्हाईत?”

“गप बसा दोघं,” तोमासिना उठली. “म्या बसून बगितल्याबिगर माझ्या घरात गाडी येत न्हाई.”

बाईमाणसानं दोन्हीकडं पाय टाकून बसावं, हे तिला कधी पटलं नव्हतं. खेचरावरसुद्धा ती एका अंगानंच बसायची, पाठ ताठ, झगा घोट्यापर्यंत. पण उंच गाडीची सीट तिच्या कमरेच्या वर येत होती. चिचोनं लाकडी खोकं आणून ठेवलं. ती खोक्यावर चढली, पाठ वळवली आणि टेकली. शॉकअप खाली गेले, पुन्हा वर आले, आणि त्यांच्याबरोबर तीही वर आली. झग्याचा काठ किकच्या दांड्यात अडकला. स्वतःला सावरायला ती वळली आणि सीटवरच पालथी पडली. डोकं गाडीच्या त्या अंगाला, पाय ह्या अंगाला, आणि आतला परकर सगळ्या बाजाराला दिसतोय.

लॉटरीची तिकिटं विकणारी बाई हसली. समोरचा केळीवाला हसला. चिचोनं तोंड फिरवलं, पण त्याचे खांदे हलत होते. आणि एलिगियो हसला. तो एरवी हसायचा नाही, म्हणून जरा जास्तच मोठ्यानं हसला.

“पोत्याला दोरी बांधू का, आये?”

दानिलो हसला नाही. त्यानं तिला अलगद उतरवलं, काठ सोडवला, झगा सारखा केला. मग खिशातला रुमाल काढून बसक्या गाडीची लांब सीट पुसली.

“हितं बस, आये. जत्रंला तुला ह्याच्यावरनं नेतो. समदं गाव तोंडात बोट घालंल.”

ती बसली. पाय बरोबर पायदानावर टेकला. पाठ ताठ झाली. समोरच्या आरशात तिला आपलं तोंड दिसलं, लालभडक झालेलं.

“ही,” ती म्हणाली.

एलिगियोचं हसू पुसलं गेलं. “आये, ही वढा वलांडून घरापतूर येणार न्हाई.”

“न्हाई आली तर न्हाई.”

“आन् कोको? खेचर गेलं आपलं. माल कशावरनं उतरवू?”

“दोरी बांधायची हौस हाय न्हवं तुला? तुझ्याच पाठीला बांध.”

चिचोनं एकदा एलिगियोकडं बघितलं, एकदा तोमासिनाकडं, आणि किल्ली दानिलोच्या हातात दिली.

गाडी डोंगरावर एकदाच आली. कोरडे दिवस होते, वाट दगडासारखी कडक होती, तरी निम्म्या वाटेत सायलेन्सर खडकावर आपटला आणि चेपला. दानिलोला रडू फुटलं. त्यानंतर गाडी खालच्या गावातच राहिली. दानिलो कंगवा सोडून मोटोकोंचो झाला, म्हणजे मागं गिऱ्हाइकं बसवून गावभर हिंडायला लागला. गिऱ्हाइकांत पोरीच जास्त दिसायच्या, आणि पोरींकडं भाडं मागायला त्याची जीभ वळायची नाही.

पण जत्रेला त्यानं आईला नेलं. तोमासिना बूट हातात घेऊन डोंगर उतरली, ओढ्यापलीकडं पाय पुसून बूट घातले आणि एका अंगानं बसली. हातात पंखा होता. देवळापर्यंत गाडी अशी गेली, की तिच्या मांडीवरचा रुमालसुद्धा हलला नाही. लोक बघत होते. लॉटरीवाली बघत होती. तेवढा एक दिवस तोमासिना कुणाला वाईट बोलली नाही.

मग पाऊस लागला. डोंगराची तांबडी माती साबणासारखी झाली. एलिगियो पोती पाठीवर घ्यायचा, दोरीचा पट्टा कपाळाला लावायचा आणि अनवाणी उतरायचा, बोटं चिखलात रुतवत. ओल्या दाण्यांचा आंबट रस पाठीवरून गळायचा. सालपटलेल्या पाठीला तो झोंबायचा आणि माश्या मागं मागं यायच्या. संध्याकाळी ताटात केळी-अंडी पडली तरी त्याला मान वर करून खाता यायचं नाही.

“ताठ बस,” तोमासिना म्हणायची. “आल्यागेल्याला वाटतं, म्या तुझ्याकडनं हमालीच करून घेती.”

तो ताट उचलून परसात जायचा. त्यानं तिला जास्तच राग यायचा.

एका सकाळी कोकोच्या सालींच्या ढिगावरून तिचा पाय घसरला. हाड मोडल्याचा आवाज कुंपणापलीकडं सेकुंदिनानं ऐकला आणि ती धावत आली. नडगी वाकडी दिसत होती.

“दवाखान्यात न्यायला पायजे,” सेकुंदिना म्हणाली. “माझा नवरा गाडी काढतो. मधी तू, मागनं म्या धरती. आमची गाडी उतरती चिखलातनं.”

“माझ्या घरात गाडी असताना म्या लोकांच्या गाडीवर बसू?” तोमासिनाच्या ओठावर घाम आला होता, पण आवाज तसाच होता. “आन् तुझ्या नवऱ्याच्या पाठीला चिटकून? दानिलोला फोन लाव.”

दानिलो फोनवर म्हणाला, ओढ्यापर्यंत येतो. पुढं गाडी येत न्हाई, आयेला ठावं हाय.

एलिगियोनं वेताची खुर्ची आणली. तिच्या मोडक्या पायाला दोन काठ्या बांधल्या, तिला खुर्चीत बसवलं, खुर्ची पाठीशी घेतली आणि पट्टा कपाळाला लावला. तोमासिनाची पाठ त्याच्या पाठीला लागली. ती मागं बघत उतरत होती, वरचं घर लहान लहान होत जाताना. मागून सेकुंदिना छत्री धरून येत होती.

“हळू! हाड खटखट करतंय.”

तो हळू झाला.

“आरं, आता काय उभाच ऱ्हातोस का? तुझ्यापरीस ते खेचर बरं चालायचं.”

एलिगियो थांबला. “व्हय,” तो म्हणाला. “ते इकलं आपण.” आणि पुन्हा चालायला लागला.

ओढा भरला होता. पाणी गढूळ होतं, एलिगियोच्या मांडीला लागेल एवढं. ह्याहून जास्त पाण्यातून तो रोज जात होता. पलीकडं डांबराच्या कडेला आंब्याखाली गाडी उभी होती, धुतलेली, चकचकीत. शेजारी दानिलो, पांढऱ्या बुटांत.

एलिगियोनं खुर्ची एका सपाट दगडावर टेकवली आणि पट्टा काढला. कपाळावर लाल वळ उमटला होता. तो समोर येऊन बसला.

“आये, तुला पलीकडं नेतो. एकच शब्द बोल. गाडी चुकीची घेतली, एवढं म्हण.”

तोमासिनानं त्याच्याकडं बघितलं. त्याची मान एका अंगाला कलली होती, म्हाताऱ्यासारखी. शब्द तिच्या जिभेवर आला. नाही असं नाही. पण मागं सेकुंदिना छत्रीखालून कान देऊन होती, आणि पलीकडून दानिलो बघत होता.

“गाडी बराबर हाय,” ती म्हणाली. “वाट चुकीची हाय.”

एलिगियोनं मान हलवली. दोरी गोळा केली, खांद्यावर टाकली.

“मग गाडीनंच जा.”

तो वरच्या वाटेला लागला. सेकुंदिना ओरडली, “एलिगियो! आरं, आई हाय तुझी!” त्यानं मागं वळून बघितलं नाही. बागेत कापलेला माल भिजत पडला होता, तो गोळा करायचा होता.

“बोलवू नगंस त्याला,” तोमासिना म्हणाली.

“आये, ये की हिकडं!” पलीकडून दानिलोनं हाक दिली.

“म्या येऊ? पाय मोडलाय माझा, मुडद्या! तू ये!”

दानिलोनं पाण्याकडं बघितलं. बुटांकडं बघितलं. मग गाडीकडं. “गाडी सोडून कसा येऊ, आये? स्टँड मातीत रुततंय! पडली तर टाकी चेपंल!”

“येड्या, झाडाला टेकव ती!”

“रंग खरवडंल की!” तो क्षणभर जागच्या जागी नाचला. मग त्याचं तोंड उजळलं. “थांब तू! गावातनं चार माणसं आणतो! आत्ता आलो!”

एका किकमध्ये गाडी सुरू झाली. सेकुंदिनानं छत्री तोमासिनाच्या डोक्यावर धरली, पण पाऊस आडवा होता, मोडक्या पायावर येत होता. त्याला बांधलेल्या काठ्यांतून पाणी ठिबकत होतं.

“येतो म्हणलाय त्यो,” सेकुंदिना म्हणाली. तिचा तिच्याच बोलण्यावर विश्वास नव्हता. “नवऱ्याला हाक मारू का? बघ, अजून सांग. आमची गाडी उतरंल हितवर, वढाबी वलांडंल.”

तोमासिनानं हात वर करून तिला गप्प केलं. ती ऐकत होती. गाडीचा आवाज रस्त्यानं लांब जात होता. वळणावर जरा खाली आला, गियर पडला, आणि पुन्हा एकसारखा, न अडखळता, घरांच्या दिशेनं निघाला.

“बघ,” ती सेकुंदिनाला म्हणाली, “कशी पळतीय.”