परत येणारा माल

माझा मामा हिशेबनीस आहे आणि गिऱ्हाइकाच्या गळ्यात वस्तू मारण्यात त्याचा हात कुणी धरणार नाही. मी हे रागानं म्हणतेय असं वाटत असेल, तर बरोबर वाटतंय. रागानंच म्हणतेय.

ऑफिस त्याचं, राबणं माझं. बाबा गेल्यावर त्यानंच मला शिकवलं, त्यानंच खुर्ची दिली, हे मी नाकारत नाही. नाकारायची सोयही नाही, कारण तो दर आठवड्याला आठवण करून देतो. तेव्हापासून "आता बोर्डावर तुझं नाव लावायचं" हे पालुपदही चालूच होतं. या महिन्यात मात्र त्यानं खरंच भागीदारीचे कागद करून आणले. माझी सही झाली होती, त्याची राहिली होती. खोटं कशाला बोलू, जाता-येता मी त्या बोर्डाकडे बघायचे. त्याच्या नावाखाली थोडी जागा होती. तिथं माझं नाव मावेल की अक्षरं बारीक करावी लागतील, याचा विचार मी भाजी निवडतानासुद्धा केलाय.

अशा दिवसांत आम्ही परांचीवाल्या काकूंकडे गेलो. इमारत रंगवायची असली की भोवती लोखंडी पाइपांचा सांगाडा उभा करतात, ती परांची. काकू ती भाड्यानं देतात. काका मामाचे मित्र. ते गेल्यावर सगळ्यांनी धरून चाललं होतं की काकू धंदा विकतील, पण त्यांनी उलट दोन ट्रक वाढवले. आता त्यांना दुसरं गोदाम हवं होतं. बँक म्हणाली, आधी हिशेब धडपणे सॉफ्टवेअरवर आणा, त्यातले अहवाल दाखवा, मग कर्जाचं बोलू. कुठलं सॉफ्टवेअर घ्यायचं ते सांगायला काकूंनी मला बोलावलं होतं. मामा न बोलावता आला, आणि येताना टायवाल्याला घेऊन आला.

टायवाला एका मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीचा विक्रेता. त्या पत्र्याच्या खोलीत, जिथं पंखासुद्धा घामाघूम होऊन फिरत होता, हा गळ्याशी गाठ आवळून बसलेला. बाहेर ट्रकवर पाइप चढत होते. खणखणाट असा, की साधं "चहा घेणार का" हेही ओरडून विचारावं लागे.

"एक बटण दाबा मॅडम, बिल तयार!" तो ओरडला. पडद्यावर रंगीत आलेख उगवले. काकू खुर्चीच्या टोकावर आल्या.

"हेच पलीकडच्या गल्लीवाल्याकडे आहे ना?"

पलीकडच्या गल्लीवाला म्हणजे त्यांचा प्रतिस्पर्धी. काका गेल्यावर 'बाईमाणसाला लोखंड झेपायचं नाही' असं चारचौघांत बोललेला.

"त्यांच्याकडे छोटं आहे," टायवाला म्हणाला.

"मग मला मोठं द्या!"

मामा मिशीतल्या मिशीत हसला. आता माझ्या जिभेला खाज सुटली.

"कालचा एक दिवस यात भरून दाखवा," मी म्हटलं. "काल शाळेच्या इमारतीवर चाळीस पाइप गेले. दवाखान्याच्या कामावरून तीस परत आले. त्यातले पाच वाकलेले. आणि सहांची टोकं निळी."

हे निळं प्रकरण त्याला समजावून सांगावं लागलं. या धंद्यात प्रत्येकजण आपल्या पाइपांची टोकं आपापल्या रंगात रंगवतो. काकूंची नारिंगी. एका इमारतीवर दोघातिघांचा माल असतो, उतरवताना मिसळतो, आणि एकाचे पाइप दुसऱ्याच्या ट्रकमधून निघून जातात. चोर कुणी नसतं. महिनाअखेरी सगळे आपापले पाइप बदलून घेतात, वर एकमेकांच्या माणसांना चार शिव्या हासडतात, आणि विषय संपतो.

टायवाल्यानं बोटं चालवली. "चाळीस गेले. म्हणजे विक्री."

"अहो, विकले कुठं? भाड्यानं दिलेत," काकू म्हणाल्या.

"ते नुसतं नाव असतं मॅडम. तीस आले की 'विक्री परत' दाखवायचं. भाड्याचं बिल वेगळं फाडायचं."

"आणि निळे?" मी विचारलं.

तो अडखळला. "ते... खरेदीत टाकू."

मला हसू आवरलं नाही. "वा! शेजारणीचा टॉवेल वाऱ्यानं आपल्या गॅलरीत आला, की आपण तो विकत घेतला!"

"तुमच्यासाठी खास बदल करून देऊ. थोडे वेगळे पैसे पडतील."

"चहा सांगतो," म्हणत मामा उठला, आणि दंडाला धरून मला बाहेर घेऊन गेला.

"तोंड आवर जरा," पाइपांच्या ढिगाआड तो म्हणाला. "हे पॅकेज खपलं तर कंपनी आपल्याला काय देते, माहितीये?"

"माहितीये."

"मग? उद्या निम्मं तुझंच आहे. आज संध्याकाळी मी सही करणार होतो." मग त्यानं सुधारलं, "करणार आहे."

"त्यांना कर्ज मिळायचं नाही मामा, ते अहवाल बघून."

"त्यांचं त्या बघतील. तू आत ये आणि मान डोलव. बाकी मी बघतो."

आत आलो. त्याची सही राहिलेला तो कागद मला डोळ्यांपुढे स्वच्छ दिसत होता. मूग गिळून बसणं फार सोपं होतं. एक मान तर डोलवायची होती.

काकूंनी पेन हातात घेतलेलंच होतं. "बोल गं पोरी. घेऊ ना?"

"नका घेऊ."

"ती जरा घाबरट आहे वहिनी," मामा हसत म्हणाला.

"का नको?" काकूंचा आवाज चढला. "त्याला परवडतं आणि मला परवडत नाही? तुलाही वाटतं का मला झेपायचं नाही म्हणून?"

हे मात्र मला झोंबलं. "काकू, परवडण्याचा प्रश्नच नाही. तुम्ही दहा घ्याल. आधी हा पडदा बघा." मी टायवाल्याच्या हातून माऊस काढूनच घेतला आणि दिवसाचा अहवाल उघडला. "विक्री चाळीस. विक्री परत तीस. बँकेतला माणूस कधी परांचीवर चढलाय का? तो एवढंच वाचणार, की ही बाई विकते ते लोक परत आणून टाकतात. तुमचा माल परत येतो म्हणून तुमचा धंदा चालतो. आणि हे यंत्र तेच तुमचं अपयश म्हणून छापतंय."

काकूंनी चष्मा लावला. ओळ बोटानं वाचली. पेन खाली ठेवलं.

"बँक हेच बघणार?"

"हेच."

"मग काय घेऊ?"

मी माझा लॅपटॉप उघडला. क्रेन, खुर्च्या, मंडप भाड्यानं देणारे लोक वापरतात ते एक छोटं सॉफ्टवेअर. दिसायला अगदीच गबाळं, आलेख नाहीत, रंग तर डोळ्यांना खुपतात. पण वस्तू जाते आणि परत येते, एवढं त्याला कळतं. मी त्यात काकूंचा गेला आठवडा आधीच भरून ठेवला होता. कुठल्या इमारतीवर किती पाइप, किती दिवस, भाडं किती झालं, वाकलेले कुठले. निळ्यांसाठीसुद्धा जागा होती, 'दुसऱ्याचा माल, आपल्याकडे'.

"यात कामगारांचे पगार होत नाहीत," मी म्हटलं. "ते वेगळे करावे लागतील. तो त्रास आहे, आत्ताच सांगते. किंमत मात्र त्या मोठ्याच्या पाव."

"पण त्या लोकांशी आपलं काही ठरलेलं नाही!" मामा एकदम बोलून गेला.

काकूंनी चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं. "आणि यांच्याशी ठरलंय होय, भाऊजी?"

टायवाला गुपचूप आपली वायर गुंडाळू लागला.

"हिचं घेणार मी," काकू म्हणाल्या. "आणि शिकवायला हीच येईल. तुम्ही नाही आलात तरी चालेल."

परतीला गाडी मी चालवत होते. पहिल्या चौकापर्यंत मामा धुमसत राहिला. मग फुटला. वाढवलं, शिकवलं, खुर्ची दिली, सगळी यादी झाली. "माझ्याच गिऱ्हाइकासमोर माझं नाक कापलंस! थांबव गाडी. उतर खाली!"

मी थांबवली. किल्ली काढून त्याच्या मांडीवर ठेवली आणि उतरले.

मामाला गाडी चालवता येत नाही. रागाच्या भरात तो हे विसरला असावा. मागं हॉर्न सुरू झाले, एक बसवाला तर डोकं बाहेर काढून आमच्या सात पिढ्यांचा उद्धार करू लागला. मी फुटपाथवर हाताची घडी घालून उभी. मामा काच खाली करून म्हणाला, "ये आत. तमाशा नको."

"येते. उद्या ऑफिसातही येते. पण इथून पुढं गिऱ्हाइकानं काय घ्यावं ते मी सांगणार. आणि कुठून आपल्याला काय मिळतं, तेही त्यांना आधी सांगणार."

"मग मी सही करणार नाही."

बोर्डावरचं ते नाव मला हवं होतं हो, खूप हवं होतं. आईलाही सांगून बसले होते.

"नको करूस," मी म्हटलं.

मी कधीतरी असं म्हणेन हे त्याच्या हिशेबात नव्हतंच. मागं बसवाल्याचा आवाज वाढला. मामानं खिडकीतून किल्ली पुढं केली. मी आत बसले, गाडी सुरू केली. तो तोंड फुगवून बाहेर बघत बसला. तो असा बसला की त्याची समजूत मीच काढते, लहानपणापासून. या वेळी नाही काढली.