फेब्रुवारीतले टोमॅटो

मित्रांनो, मी एक जुनी निळी पिशवी आहे. निळी म्हणते खरी, पण आता माझा निळा रंग शिवणीच्या आतच तेवढा उरला आहे. त्याआधी मी पडदा होते. अमेरिकेत आयोवातल्या एका कॉलेजात मुलींची सोरोरिटी होती. सोरोरिटी म्हणजे एका घरात राहणाऱ्या, एकमेकींना बहीण मानणाऱ्या मुलींचे मंडळ. त्यांच्या बैठकीच्या खोलीत मी लटकत असे.

१९६८ साली तिथल्या सहाजणी शिकून बाहेर पडल्या. निघताना डोरीन प्रुइटने एक जुना पडदा मागून घेतला आणि मला शिवले. सहाजणींनी माझ्यात एकेक पत्र घातले आणि नियम केला. पिशवी आली की सगळ्यांची पत्रे वाचायची, आपले जुने पत्र काढून नवे घालायचे आणि महिनाभरात पुढचीला धाडायची. "लग्नं झाली की कोण लिहितंय?" असे घर सांभाळणाऱ्या बाई हसून म्हणाल्या होत्या. मित्रांनो, मी छप्पन्न वर्षे फिरते आहे!

माझ्या पोटात काय काय मावले म्हणून सांगू? बाळांचे फोटो, एक घटस्फोट, लोण्याचे डाग पडलेल्या पाककृती. मॅक्सीनचे पत्र अकरा पानी, डोरीनचे जेमतेम एक पान. एकीने मला धुण्याच्या ढिगाखाली दोन महिने विसरून ठेवले, तर बाकीच्यांनी टोमणे मारून तिला नको नको करून सोडले.

गेल्या हिवाळ्यात मी विस्कॉन्सिनला डोरीनकडे पोहोचले. नवरा गेल्यापासून ती एकटीच राहते. तिने पत्रे खिडकीशी नेली, भिंग लावले, डोळे चोळले. मग सगळी पत्रे होती तशी परत घातली. स्वतःचे जुने पत्रही. मला तोंड असते तर मी ओरडले असते. पण मला फक्त पोट आहे.

पुढची पाळी मिनेसोटातल्या मॅक्सीनची. बाहेर गुडघाभर बर्फ, आणि डोरीनच्या पत्रात लिहिलेले, "टोमॅटो इतके लागलेत की शेजारपाजारी वाटून दमले." मॅक्सीनने ते दोनदा वाचले. फोन केला, तर डोरीन म्हणाली, "मी अगदी ठणठणीत आहे." दुसऱ्या दिवशी सत्त्याहत्तर वर्षांच्या मॅक्सीनने मला शेजारच्या सीटवर ठेवले आणि चार तास गाडी हाकली.

"एवढ्या बर्फात कशाला गं आलीस?" डोरीनने आवाजावरून तिला ओळखून विचारले.

"टोमॅटो न्यायला."

डोरीन हसली, आणि हसता हसता रडू लागली. "मला अक्षरं दिसत नाहीत गं आता. तुम्हाला कळलं असतं, तर पिशवी माझ्याकडे यायची थांबली असती."

"नियम पत्र घालायचा आहे," मॅक्सीन म्हणाली. "अक्षर कुणाचं, ते कुठं ठरलंय? चल, सांग, मी लिहिते. आणि एका पानात आटपू नकोस."

दोन दुपारी मॅक्सीनने पत्रे मोठ्याने वाचली. डोरीन मला मांडीवर घेऊन ऐकत होती. ऐकता ऐकता तिच्या बोटांना माझी उसवलेली शिवण सापडली. मॅक्सीनने सुई ओवून दिली आणि डोरीनने चाचपडत मला शिवले. ते टाके वाकडे आहेत. माझ्या अंगावरच्या सगळ्या टाक्यांत मला सर्वांत जास्त अभिमान त्यांचाच आहे.

आता दर बुधवारी हॅना नावाची एक बाई डोरीनकडे वाचायला येते. ती त्याच सोरोरिटीत, पण यांच्यानंतर तीस वर्षांनी होती. दोघींची आधी तोंडओळखही नव्हती. मॅक्सीनने हॅनाला फोनवर 'आपली एक बहीण आहे' एवढेच सांगितले होते.

मित्रांनो, माझ्यासारखी पिशवी तुमच्या घरी आली, तर तिला कोपऱ्यात टाकू नका. उसवली तर शिवा. आणि आतले पत्र नीट वाचा. टोमॅटो कोणत्या महिन्यातले आहेत, तेही बघा.